सातवा छर्रा

वर्कशॉपवाल्याने आकडा सांगितला: तीन हजार दोनशे डॉलर.
आर्लोने टोपी डोक्यावर ठेवली, म्हणाला, "बघतो,"
आणि त्याच संध्याकाळी पिकअपखाली आडवा झाला.

मायनॉटचा फेब्रुवारी. गॅरेजमध्ये पाना हाताला चिकटतो.
गिअरबॉक्स उतरवला तो शेजारच्या ड्वेनला हाताशी धरून,
उघडला मात्र माझ्या स्वयंपाकघरात,
कारण ऊब तिथे.

तळाच्या ताटलीतलं तेल लाल असायला हवं.
निघालं काळपट, करपलेल्या टोस्टच्या वासाचं.
चुंबकावर करडी लव, बोटाला मऊ.
"ही बघ आपली अठरा वर्षं," आर्लो म्हणाला
आणि फडक्याने पुसून टाकली.

मग एकेक कडी सुटली, एकेक ड्रम.
झडपांच्या पेटीवरचं झाकण निघालं, आत वाटाच वाटा,
बर्फाखालून उंदरांनी काढाव्यात तशा.
माझ्या मफिन ट्रेच्या बारा खळग्यांत
स्प्रिंगा, सील, पिना,
आणि शेवटच्या खळग्यात वाटाण्याएवढे पोलादी छर्रे.
नव्या चकत्या तेलात भिजत घातल्या केकच्या भांड्यात.
शेजारी माझा घेवडा भिजत होता.
रात्री पाण्याला उठलं तर झाकण बघून उचलायचं.

जेवताना त्याने सांगितलं (एरवी जेवताना तो बोलत नाही):
"कंपनी तेलाची भोकं बारीक ठेवते.
गिअर हलकेच पडावा, बसणाऱ्याला कळूही नये.
त्या न कळण्यातच चकत्या सरकत राहतात,
घासतात. जळतात."
म्हणून त्याने पत्र्यातलं भोक केसभर वाढवलं,
स्प्रिंग कडक घातली, पिस्टन मोठा,
आणि सहा चकत्यांच्या जागी आठ बसवल्या, दाटीवाटीने.

शनिवारी झाडताना फ्रीजखालून एक छर्रा आला होता.
नातवाच्या खेळण्यातला असेल,
म्हणून मी तो बटणांच्या बरणीत टाकला.

सोमवारी आर्लोने मोजले. सहा.
पुन्हा मोजले. पुस्तक काढलं, चष्मा बदलला.
"काही मॉडेलांत सहाच असतात," तो कोणाला तरी म्हणाला.
मी तेव्हा चर्चच्या तळघरात
शंभर माणसांच्या बटाट्यांची सालं काढत होते.

मंगळवारी रात्री त्याच्या कोटाचं बटण शोधायला बरणी उपडी केली.
बटणांतून तो एकटाच घरंगळत निघाला,
टेबलाच्या कडेपर्यंत. मी हाताने अडवला.

गिअरबॉक्स मिटलेला. जॅकवर चढलेला.
सकाळी सातला ड्वेन येणार.

आता, मी मार्लिस, या घरात एकतीस वर्षं
गिअर हलकेच टाकत आले आहे.
नळ गळतो, ते दोन आठवड्यांनी, बोलण्याच्या ओघात.
मुलगा कॉलेज सोडून आला, ते पाय वाजवत.
ताकाला तूर लागू न देणं,
याला माझी आई चांगला स्वभाव म्हणायची.

छर्रा मी त्याच्या ताटाशेजारी ठेवला.
जरा जोरात.

तो बघत राहिला.
"कुठे?"
"बटणांत."
"कधीपासून?"
"शनिवार."
उरलेला बटाटा त्याने सावकाश संपवला.
ड्वेनला फोन केला: उद्या नको.
मग सोळा बोल्ट, आलटून पालटून, पुन्हा सैल.
मी टॉर्च धरला. हात हलला की तो "हं" म्हणायचा,
तेवढंच.
छर्ऱ्याला त्याने व्हॅसलीन फासलं
आणि सातव्या खळीत बसवला,
पोराच्या फुटलेल्या ओठाला लावावं तसा, बोटाच्या टोकाने.

शेवटी कॉम्प्रेसरची हवा एकेका छिद्रात.
आतून उत्तर यायचं: ठक्.
दुसऱ्यातून: ठक्.
"जागे आहेत," आर्लो म्हणाला. तीन दिवसांतलं पहिलं वाक्य.

रविवारी त्र्याऐंशी नंबरच्या रस्त्यावर, दोन्हीकडे पांढरी शेतं,
पहिल्यातून दुसरा पडला
आणि माझी कॉफी मांडीवर.
"जोरात पडतो रे."
"कळला ना?"
"कळला."
त्याने पुन्हा एकदा थांबून गाडी शून्यातून उचलली,
फक्त ते ऐकायला.

कोटाचं बटण अजून लावलेलं नाही.
तसं मी त्याला सांगून टाकलं.